सत्तेचाळीस रुपयांचा खड्डा

"शालनताई, तुम्ही जरा त्या खिडकीपाशी उभ्या राहून बोला," असं म्हणत मॅनेजर पाटणकरांनी नाकाला रुमाल लावला, तरी दोन शिंका आल्याच.

मिरची कांडपाची गिरणी चालवणाऱ्या बाईच्या पदरात, केसांत, पिशवीच्या शिवणीत मिरची मुरलेलीच असते. सीझन संपून पावसाळा निम्मा सरला तरी ती जात नाही. मी बँकेत शिरले की आधी कॅशियर शिंकायचा, मग पलीकडची क्लार्क बाई, आणि आत बसलेले पाटणकर ओळखायचे की शालन तोडकर आली. एरवी मलाही हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही.

"मी हितंच उभी राहणार साहेब. माझ्या खात्यातनं अकरा हजार कशाचे गेले, तेवढं सांगा."

"दंड आहे तो. ज्यादा उचल झाली तुमची. ओव्हरड्राफ्टची मर्यादा ओलांडलीत तुम्ही."

"मी? मे महिन्यापासनं मी बँकेची पायरी चढले न्हाई. एक रुपया काढला न्हाई."

"तुम्ही काढला नसेल. पण मर्यादा ओलांडली गेली. सत्तेचाळीस रुपयांनी."

सत्तेचाळीस रुपयांत त्या वेळी आमच्या माळशेतच्या बाजारात दोन माणसांचं साधं जेवणसुद्धा नीट झालं नसतं.

ही वीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. दीपमाळ नागरी सहकारी बँकेत माझ्या नावावर एक लाखाची ओडी होती. उन्हाळा लागायच्या आधी त्या पैशांतून मिरची, धणे, खोबरं भरायचं, चैत्र-वैशाखात गिरणी रात्रंदिवस चालवायची आणि दुकानदारांना मसाला उधारीवर द्यायचा. दुकानदारांचे पैसे गणपती ते दिवाळी या काळात येत. तोवर ओडी भरलेलीच राही. मी तिच्यात फक्त व्याजापुरती जागा ठेवून गिरणीला कुलूप लावत असे. इतकी वर्षं त्यात कधी काही बिघडलं नव्हतं. जागा कमी पडते आहे असं वाटलं तर जुने क्लार्क बाजारात भेटेल त्याच्याजवळ निरोप द्यायचे, 'शालनबाईंना सांगा, पाचशे रुपये टाकून जा.' त्या वर्षी बँकेत कॉम्प्युटर आले आणि निरोप बंद झाले.

पाटणकरांनी पडद्याकडे बघून समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. "जूनमध्ये तपासणी फी पडली. तुमचं मशीन तारण आहे ना, त्याची तपासणी."

"कोण आलतं तपासायला? गिरणीला तर कुलूप हाय."

"प्रत्यक्ष कुणी यावंच असं नसतं. फी पडते. त्या फीमुळं व्याज टाकताना सत्तेचाळीस रुपयांची जागा कमी पडली. मर्यादा ओलांडली की रोजचा दंड. दंड पडला की खातं आणखी बाहेर. सिस्टीम आपोआप लावते ताई, माझ्या हातात काही नाही."

"म्हंजे खड्डा तुमीच काढला, त्यात मला तुमीच ढकललं, आणि पडलीस कशाला म्हणून रोज दंड बी मलाच?"

कॅशियरच्या खिडकीपाशी उभी असलेली दोन माणसं हसली. पाटणकरांना ते आवडलं नाही.

"हे बघा, आवाज वाढवून काही होत नाही. नियम आहे."

"आणि माझ्या वन्संचं मानधन अडवलंय, तो बी नियमच?"

"त्या जामीनदार आहेत तुम्हाला. खातं अनियमित झालं की जामीनदाराचं खातं होल्डला जातं."

खरी कळ इथे होती. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद आक्काताई, अंगणवाडीच्या सेविका. तरुणपणीच सासर सुटलेल्या, गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत एकुलत्या मुलीला घेऊन राहायच्या. बायकांच्या नावाच्या कर्जाला जामीन राहायला आमच्या भावकीतला एक पुरुष तयार नव्हता, तेव्हा वन्सं न बोलता माझ्याबरोबर बँकेत आल्या होत्या. त्यांची ज्योत्स्ना मिरजेला नर्सिंग शिकत होती. दुसऱ्या वर्षाची फी महिनाअखेर भरायची होती. त्या फीसाठी वन्संनी आपल्या खात्यात पै पै करून साठवलेले पैसे त्या सकाळी काढायला गेल्या, तर कॅशियरने स्लिप परत दिली. तेही सगळ्यांदेखत, 'तुमच्या वहिनींना विचारा' असं म्हणून.

पाटणकर माणूस वाईट नव्हता. रुमाल खिशात ठेवून जरा मऊ आवाजात म्हणाला, "एक मार्ग आहे. विनंती अर्ज लिहून द्या. माझ्या हलगर्जीपणामुळं खातं मर्यादेबाहेर गेलं, त्याबद्दल दिलगीर आहे, सहानुभूतीनं विचार व्हावा. खाली तुमची सही, जामीनदाराची सही. चेअरमनसाहेब निम्मा दंड माफ करतील, होल्ड त्याच दिवशी निघेल."

"माझा हलगर्जीपणा?"

"लिहायची पद्धत असते ताई."

घरी आले तेव्हा हे पडवीत मशीनच्या पट्ट्याला तेल लावत बसले होते. माझे मालक निवासराव. भांडण म्हटलं की हे चार हात लांब राहतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग दे की लिहून. निम्मं तर सुटतंय."

"न केलेल्याचं लिहून देऊ?"

"अगं, बँकेशी वाकडं घेऊन धंदा करता येतोय व्हय? पुढच्या सीझनला परत त्याच दारात जायचंय. आणि हितं तुझ्या मानापायी आमच्या ज्योत्स्नाचं वर्ष बुडवणार तू?"

शेवटचं वाक्य बरोबर लागलं. मी कागद घेतला, पाटणकरांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिलं, सही केली आणि संध्याकाळी वन्संच्या सहीसाठी त्यांच्या घरी गेले. कागदावरचं ते अक्षर मला माझं वाटत नव्हतं.

वन्सं परसात अंघोळीचा बंब पेटवत होत्या. माझ्या हातातून कागद घेतला, उभ्याउभ्याच वाचला, दोनदा वाचला. मग नीट चार घड्या घातल्या आणि बंबात टाकला.

"वन्सं! अवो काय केलंत?"

"असलं लिवून द्यायचं न्हाई वैनी."

"ज्योत्स्नाची फी—"

"फीचं मी बगते. कानातलं हाय माझं. पर तू असल्या कागदावर सही करायची न्हाईस, आणि मी तर मेले तरी करनार न्हाई."

"कशापायी पण?"

त्यांनी बंबात आणखी दोन लाकडं सारली. वन्सं कमी बोलणाऱ्या. अंगणवाडीत पोरांपुढे त्यांचा आवाज चौकापर्यंत जायचा, पण स्वतःबद्दल म्हणून त्या कधी दोन वाक्यं बोलल्या नव्हत्या. मात्र परत येताना माझ्या अंगातलं ओझं कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं होतं, आणि त्या जागी राग भरला होता. चांगला, पोटभर राग.

त्याच आठवड्यात बँकेच्या वार्षिक सभेची नोटीस आली. आमच्याकडे सहकारी बँकेची सभा म्हणजे काय, हे ज्याने पाहिलं आहे त्याला सांगायला नको. मंगल कार्यालयात खुर्च्या मांडतात. स्टेजवर संचालक बसतात. चेअरमन विषय वाचतात, पहिल्या रांगेतली ठरलेली मंडळी 'मंजूर, मंजूर' म्हणतात, आणि अर्ध्या तासात सगळे जिलेबी-फरसाणाची पाकिटं आणि भेटवस्तूचा डबा घेऊन घरी जातात. सभासद मी होते, वन्सं होत्या, पण दरवर्षी आमची दोघींची कुपनं घेऊन डबे आणायला हे जायचे. बायका सभेला जात नसत. आमच्या घरात बँकेचं नाव कोरलेले इतके डबे होते की अर्धा मसाला त्यांतच भरलेला असे.

नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं, की प्रश्न विचारायचा असल्यास आठ दिवस आधी लेखी द्यावा. मी लेखी दिला. पाटणकरांनी तो वाचून टेबलाच्या कप्प्यात ठेवला.

"पोच द्या साहेब."

"शिक्का शिपायाकडं आहे. तो जेवायला गेलाय."

"मग मी थांबते."

"अहो, मी स्वतः घेतलाय ना? माझ्यावर विश्वास नाही?"

आणि मी बावळटासारखी परत आले. माणूस विश्वासाचं बोलला की आपली जीभ लुळी पडते, हे अशा लोकांना पक्कं ठाऊक असतं.

सभेच्या दिवशी मी जरीकाठाचं लुगडं नेसले, वन्संनी अंगणवाडीची निळी साडी नेसली, आणि आम्ही दोघी कार्यालयात शिरलो. यांनी येणार नाही म्हणून सांगितलं होतं. दारात कुपन फाडणाऱ्याने विचारलं, "तोडकर मामा आजारी हाईत काय?"

"न्हाई," वन्सं म्हणाल्या, "सभासद आमी हाय."

आत शे-दीडशे पुरुष आणि आम्ही दोघी. मागच्या रांगेत बसलो. आमच्या पुढचा गृहस्थ शिंकला आणि त्याने खुर्ची सरकवली.

चेअरमन रावसाहेब नलवडे उभे राहिले. पांढरेशुभ्र कपडे, भरदार मिशा, आणि भजन म्हणावं तसा एका सुरात वाचायचा आवाज. "विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." त्यांचा सूर खाली आला, की पहिल्या रांगेतून सर्जेराव हात वर करून ओरडायचा, "मंजूर!" आणि त्याच्या मागची वीस-पंचवीस माणसं "मंजूर, मंजूर!" सर्जेरावचं बाजारपेठेत पत्र्याचं दुकान होतं, आणि नलवड्यांचा तो उजवा हात. नफावाटणी, मंजूर. हिशेबतपासनीस, मंजूर. "संचालक मंडळाच्या केरळ येथील अभ्यासदौऱ्याच्या खर्चास मान्यता." मंजूर, मंजूर. माणसं तोंडातली जिलेबी गिळून ओरडत होती. काय वाचलं जातंय याकडे कुणाचं ध्यान नव्हतं. चेअरमनचा सूर खाली आला की या माणसांचा हात वर, एवढंच.

"लेखी प्रश्न," नलवडे म्हणाले आणि पाटणकरांकडे बघितलं.

पाटणकर उभे राहून म्हणाले, "एकही आलेला नाही."

मी उभी राहिले. "मी दिलाय. पाटणकर साहेबांनी हातानं घेतलाय."

सगळ्या माना मागे वळल्या. नलवड्यांनी गोड हसून विचारलं, "पोच आहे का ताई?"

"न्हाई."

"मग नियमानं तो आलाच नाही. बसा, बसा. आणि प्रश्नबिश्न इथं कशाला? उद्या बँकेत या, चहा घ्या, बोलू." लोक हसले. "अखेरचा विषय. आयत्या वेळी माननीय अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ठराव. कुणाचा काही आहे का? नसेल तर—"

दाराशी डबे वाटायला सुरुवात झाली होती. खुर्च्या सरकल्या, निम्मी माणसं उठली. माझे कान तापले होते. तेवढ्यात वन्संनी माझ्या कोपराला धरून मला पुढे ढकललं.

"जा. ठराव हाय म्हन."

मी खुर्च्यांमधून वाट काढत थेट स्टेजच्या खालच्या माईकपाशी गेले. "माझा ठराव हाय," मी म्हणाले. नलवड्यांनी घड्याळात बघितलं. बाईमाणूस, डब्याच्या रंगाबद्दल काहीतरी सांगेल, असंच त्यांना वाटलं असणार. "बरं, बोला लवकर," असं म्हणून ते शेजारच्या संचालकाशी बोलायला वळले.

मी काही ठरवून गेले नव्हते. पण अर्धा तास तो सूर कानांत बसला होता, आणि तोंड उघडलं तर तोच बाहेर आला.

"विषय क्रमांक अकरा. बँकेनं स्वतः फी टाकून खातं मर्यादेबाहेर घालवायचं आणि वर सभासदाकडनं रोजचा दंड घ्यायचा, ही पद्धत आजपासून बंद करणे. तसेच शालन निवास तोडकर यांच्याकडनं चुकीनं घेतलेला दंड, माफ म्हणून न्हाई, तर चुकीनं घेतला म्हणून, पूर्ण परत करणे. आणि त्यांच्या जामीनदाराचं खातं तात्काळ मोकळं करणे. सदर ठरावास सभेची मान्यता असावी."

शेवटचा शब्द मी खाली आणला, नलवडे आणत तसाच.

डब्यांच्या रांगेकडे निघालेल्या सर्जेरावचा हात सवयीने वर गेला. "मंजूर!"

"मंजूर, मंजूर!" त्याच्यामागून सगळी पलटण ओरडली.

"मी अनुमोदन देते!" मागून वन्संचा आवाज आला. पोरांना रस्त्यावरून हाक मारायचा आवाज तो. त्याला माईक लागत नव्हता. "आक्काताई तोडकर, सभासद!"

नलवडे गर्रकन वळले. पाटणकर मुद्दे लिहीत होते, त्यांचं पेन जागच्या जागी थांबलं.

"थांबा, थांबा! काय चाललंय? हा ठराव धरायचा नाही. लोकांनी ऐकलेला नाही."

"मंजूर म्हणाले की समदे," मी म्हणाले.

"न ऐकता म्हणाले!"

"मगाशी केरळ ऐकून म्हणाले व्हय?"

मागून कुणीतरी हसलं, आणि ते हसणं पसरत पुढे आलं. डबा घेऊन दारापर्यंत गेलेली माणसं परत आत आली. आता मागे फिरायला मला जागा नव्हती, आणि फिरायचंही नव्हतं.

"चेअरमनसाहेब, माणसं तीच, तोंडं तीच, मंजूर बी तेच. माझा ठराव खोटा असंल, तर मगापासनं झालेले दहाच्या दहा खोटे. ते खरे असतील तर माझा बी खरा. काय ते तुमीच सांगा. पाटणकर साहेब लिहून घेतील."

नलवड्यांच्या नाकापर्यंत माझी मिरची पोचली होती. पण त्यांनी राजकारणात केस पिकवले होते. हसले. "ताई, हुशार आहात. ठीक आहे. नीट मतदान घेऊ. आता सगळ्यांनी ऐकलंय. या ठरावाच्या बाजूनं कोण आहे, हात वर करा."

हा डाव मला कळला. नकळत ओरडणं वेगळं, आणि चेअरमन समोर बघत असताना हात वर करणं वेगळं. कुणाची ओडी, कुणाचं घरकर्ज, कुणाचा पोरगा बँकेत शिपाई म्हणून लागायचा राहिलेला. वन्संचा हात वर होता. माझा होता. बाकी खुर्च्यांत लोक आपापल्या चपला बघत होते.

"दोन," नलवडे म्हणाले. "विरोधात—"

"जरा थांबा साहेब." सर्जेराव होता. दोन्ही हातांत डबा धरून तो पाटणकरांपुढे उभा राहिला. "मॅनेजर, त्या तपासणी फीचं खरं हाय? माझ्या दुकानाचा पत्रा कापायचा कातरा बी तारण हाय तुमच्याकडं. तपासायला तर कुणी आलेलं न्हाई. मला बी पडती का फी?"

पाटणकरांनी चेअरमनकडे बघितलं.

"त्यांच्याकडं काय बगता? मी इचारतोय."

"पडते," पाटणकर म्हणाले. "सगळ्यांनाच पडते."

"आणि दंड?"

"तुमचं... बघावं लागेल."

"बघू नगा, सांगा."

"थोडा असेल."

सर्जेराव वळून नलवड्यांना म्हणाला, "रावसाहेब, पंधरा वर्सं तुमच्या पुढं बसून मंजूर म्हणतोय मी. एकदा बी काय वाचलं ते इचारलं न्हाई. आणि माझंच खिसं कापायचं माझ्याच तोंडानं मंजूर करून घेतलंसा व्हय?" त्याने डबा खुर्चीवर आदळला, हात वर केला आणि ओरडला, "मंजूर!"

या खेपेला आवाज वेगळा होता. पहिल्या रांगेतले हात वर गेले, मग मधले, मग दारातले. सगळ्यांचे नाही. पुष्कळ जण शेवटपर्यंत चपलाच बघत राहिले. पण मोजायची गरज पडली नाही. नलवडे खाली बसले आणि पाटणकरांना म्हणाले, "लिहून घ्या."

आम्ही डबे न घेताच निघालो. रस्त्याला लागल्यावर माझं हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांना पाणी लागलं. वन्सं मात्र शांत चालत होत्या. पिराच्या चौकात आल्यावर त्या थांबल्या.

"तू इचारलंवतंस न्हवं, कागद का जाळला म्हनून?"

"व्हय."

"सासरी माझ्यावर आळ आला होता. जावेची बोरमाळ गेली. मी घेतली न्हवती. पर सासरे म्हनाले, चार मानसांपुढं लिवून दे, चुकी झाली म्हनून, म्हंजे मिटलं. नांदायचं तर लिवून दे. ज्योत्स्ना पोटात होती. माजे वडील, आबा बी म्हनाले, दे पोरी, कागदच हाय. मी न वाचता सही केली." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "वर्साच्या आत त्योच कागद दाखवून मला काढली. चोरटी म्हनून. बोरमाळ मागनं घावली, भाताच्या कणगीत. पर माजी सही तेवडी ऱ्हायली."

एवढ्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. यांनीही नाही. मी त्यांचा हात धरला. त्यांच्या हाताला बंबाच्या राखेचा खरखरीतपणा होता. घर येईपर्यंत मी तो सोडला नाही.

दोन दिवसांनी पाटणकरांनी बोलावलं. वन्संना घेऊन गेले. कॅशियर शिंकला, क्लार्क बाई शिंकली. पाटणकरांनी टाईप केलेलं व्हाउचर पुढे ठेवलं. "पूर्ण रक्कम परत जमा होईल. होल्ड आत्ताच काढतो. इथं तुमची सही, इथं जामीनदाराची. पुढच्या सीझनच्या लिमिटचं मात्र... बोर्ड बघेल."

"बगू द्या," मी म्हणाले. "आमी बी बगू."

बोर्डाने खरंच बघितलं. माझी ओडी पुन्हा चालू झाली नाही. त्या उन्हाळ्याची मिरची मी गल्लीतल्या बायकांकडून कांडपाचे पैसे आधी घेऊन भरली, आणि त्यात सर्जेरावच्या बायकोचेही पैसे होते. हे पहिले आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मग एका सकाळी आपणहून गिरणीचं कुलूप काढायला गेले. ज्योत्स्ना पुढे मिरजेलाच नोकरीला लागली.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी बँकेत मी पेन घेतलं तर वन्संनी माझा हात धरला.

"थांब. आदी वाचू दे."

"अहो, ठरावाप्रमाणंच आहे," पाटणकर म्हणाले. "मागं लाईन लागलीय, जरा लवकर."

वन्संनी चष्मा लावला. व्हाउचर हातात उंच धरलं आणि अंगणवाडीत पोरांपुढे वाचतात तसं एकेक शब्द सुटा करून मोठ्याने वाचायला लागल्या. सगळी बँक ऐकत होती. "खातेदाराच्या... विनंतीवरून... आकारलेला दंड... सहानुभूतीपूर्वक... माफ..."

त्या थांबल्या. व्हाउचर पाटणकरांपुढे ठेवून त्यावर बोट टेकवलं.

"विनंती कुनी केली? सहानुभूती कुनी मागितली? ठराव काय हाय साहेब? चुकीनं घेतला, म्हनून परत. तसं लिवा."

"अर्थ एकच होतो हो, बाई."

"मग लिवा की."

पाटणकर उठून आत गेले. आतून छपाईच्या मशीनचा करकर आवाज आला. नवा कागद घेऊन ते बाहेर आले आणि तो पुढे ठेवला. वन्संनी तोही पहिल्यापासून शेवटपर्यंत तसाच मोठ्याने वाचला. लाईनीतल्या कुणी घाई केली नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी पेन मागून घेतलं आणि सही केली, सावकाश, एकेक अक्षर लावून.